पंधरा दिवस आधीचा ठिपका

शनिवारी सकाळी शबनम मुजावर सांगलीच्या त्वचास्मृती प्रयोगशाळेत शिरली ती थेट डॉ. हेमांगी रायबागकरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, माझ्या मेंदीच्या दुकानाला तुमच्या समितीनं कुलूप ठोकलं. का, ते तोंडावर सांगा."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. २०५८ सालच्या त्या लग्नसराईत जिल्ह्यातल्या एकतीस नवरीमुलींच्या हातांवर नक्षीबरहुकूम फोड उठले होते. वेल होती तिथे वेलभर, मोर होता तिथे मोरभर. त्यातल्या नऊ जणी शबनमच्या. काळी मेंदी तासाभरात चढते ती मेंदीच्या गुणाने नव्हे. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन कालवलेलं असतं. सरकारने बंदी घालून पाहिली, छापे घालून पाहिले; पण मेंदी जितकी गडद तितकी सासू जीव लावणार, असं मानणाऱ्या घरांपुढे कायद्याने हात टेकले. शेवटी तीन वर्षांपूर्वी हेमांगीच्याच समितीने मधली वाट काढली. रसायन ठरावीक मर्यादेत घाला, आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी नवरीच्या मनगटावर एक ठिपका लावा. काही झालं नाही तर खुशाल हात रंगवा. हा नियम आजवर सांगलीपुरता होता. सोमवारी तो राज्यभर लागू व्हायचा होता.

नियम सोन्यासारखा आहे, लबाड मेंदीवाल्याच तो पाळत नाहीत, असं हेमांगीचं मत होतं. तिचं मत एकदा बसलं की ते हलवायला पहारच लागायची.

"ठिपका न लावता हात रंगवलेत तुम्ही," ती म्हणाली.

"अल्लाशप्पथ, ठिपक्याशिवाय मी कोन हातात धरत नाही! माझ्या वहीत तारखा आहेत, घ्या बघून. आता तर साखरपुडाच लग्नाआधी पंधरा दिवसांवर धरतात आणि बायका त्यातच ठिपका मागतात. ओटी भरली की मनगट पुढं. चार दिवसांत खाज नाही सुटली की म्हणतात, मेंदीनं कौल दिला." शबनमने दम घेतला. "आणि राग मानू नका, पण माझी जाऊ मिरजेत बसते. नंबर एकची आळशी. ठिपका-बिपका काही नाही, पोरगी आली की रंगव आणि वाटेला लाव. कोन दोघींचे एकाच खोक्यातले. तिच्या एका पोरीला फोड नाही. नियमानं वागले मी, आणि भाजल्या माझ्या पोरी. हे कसं?"

हेमांगी खिडकीकडे वळली. बाई खोटं बोलत असती तर तिने असलं गाऱ्हाणं रचलंच नसतं.

खिडकीशी स्मृतिवाचकावर डॉ. श्रीपाल हंजे काम करत होते. या यंत्राला रक्ताचा एक थेंब दिला की त्या माणसाच्या कातडीने कुठलं रसायन लक्षात ठेवलं आहे, ते कळायचं. ते कधी लक्षात ठेवलं, हे वाचायची सोय मात्र गेल्याच आठवड्यात आली होती.

"हंजे, त्या एकतीस जणींचं रक्त आपल्याकडे आहेच, त्यांच्या तारखा काढा," हेमांगी म्हणाली.

"तारखा कसल्या?" शबनमने विचारलं.

हंजे समजावून सांगायला कधी कंटाळत नसत. "कातडी पहिल्या भेटीत भांडत नाही, बाई. नुसतं तोंड बघून ठेवते. थोड्याच जणांची कातडी ते ध्यानात धरते, पण धरलं की मरेस्तोवर विसरत नाही. ओळख पक्की व्हायला दहा-बारा दिवस जातात. मग तेच रसायन पुन्हा आलं की जुंपली."

"म्हणजे फोड दुसऱ्या भेटीत?"

"दुसऱ्या भेटीत. तुमच्या जावेच्या मुलींची अजून पहिलीच झालीय. पुढं कधी कलप लावतील तेव्हा कळेल."

पडद्यावर आकडे आले. हंजेंचा आवाज खाली उतरला. "मॅडम, एकतीसही जणींची पहिली भेट लग्नाच्या पंधरा-सोळा दिवस आधीची आहे."

शबनमने कपाळाला हात लावला. "या खुदा. ठिपका."

पंधरा दिवसांचा आग्रह हेमांगीचाच होता. उशिरा येणारी खाजसुद्धा नजरेतून निसटू नये म्हणून तिने तो धरला होता, आणि ओळख पक्की व्हायला लागतो तेवढा वेळ कातडीला मोजून दिला होता. काळजी घ्यायला गेली आणि तिनेच या पोरींना भाजलं. तिला स्वतःचा विलक्षण राग आला. पण रागावून बसायला वेळ नव्हता. तिने मंत्रालयात सहसचिवांना फोन लावला.

"आदेश थांबवा. ठिपकाच घात करतोय."

"पुरावा?" सहसचिव शांतपणे म्हणाले. "मुलींनी काळी मेंदी तर नंतर लावलीच आहे. यंत्राच्या तारखेत चूक नसेल कशावरून? फक्त ठिपका लागलाय, बाकी आयुष्यात हे रसायन अंगाला शिवलेलं नाही आणि तरी कातडीनं ध्यानात धरलंय, असं एक माणूस दाखवा. नाहीतर सोमवारी आदेश निघेल. तुमचाच आहे तो."

फोन ठेवल्यावर हंजे म्हणाले, "ठिपका लावून हात कोरे ठेवणारी नवरी दोन दिवसांत कुठून आणायची?"

हेमांगीने बाही वर सारली आणि बोट पुढे केलं. "घ्या रक्त."

"तुमचं?"

"माझं लग्न नोंदणी कार्यालयात झालं, कोऱ्या हातांनी. कलपाची बाटली माझ्या घरात कधी आली नाही. पांढरं डोकं बघताच आहात. अंगाला पीपीडी लागलं ते एकदाच. घ्या."

अकरा मिनिटं लागली. तिघंही उभीच होती. मग हंजेंनी पडदा तिच्याकडे वळवला. रसायन: पीपीडी. ओळख: तीन वर्षं, दोन महिने.

"लिहून घ्या," हेमांगी लगेच म्हणाली. "ठिपका आजपासून बंद, आणि काळी मेंदीही. ज्यांना ठिपका लागलाय त्या साठ हजार बायकांना निरोप जाऊ द्या. काळी मेंदी नको, कलप नको, बधिर करायचं औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्यातही या रसायनाचे भाऊबंद असतात. चूक समितीची असं लिहू नका. माझं नाव घाला. आणि सहसचिवांना माझ्या रक्ताचा अहवाल आत्ता पाठवा."

"मॅडम, पद जाईल तुमचं."

"जाऊ दे. सोमवार तर थांबेल." ती शबनमकडे वळली. "तुमचं कुलूप आज निघेल. पण पाल्याचीच मेंदी वापरायची. रात्रभर हातावर ठेवायची, तांबडी रंगली तर तांबडी."

शबनम मान हलवून निघाली आणि दारात थबकली. "मॅडम, एक विचारू? तुम्ही नवरी नाही, काही नाही. मग तुम्हाला ठिपका कुणी लावला?"

"मीच. नियम करण्याआधी स्वतःवर करून बघावं म्हणून. पंधरा दिवस रोज मनगट बघत होते."

"आणि?"

"काहीच झालं नाही," हेमांगी म्हणाली. "म्हणून तर नियम केला."