उरलेली अर्धी कमान

"अर्धीच मोजलीस ना? खरं सांग!"

"तुझं काय जातंय?"

"डोकं जाईल माझं! त्या कमानीखाली रोज मी उभा असतो, तू नाही!"

क्षितिजचा पारा चढायला वेळ लागायचाच नाही. अकरावीत एकदा असाच चढला आणि दप्तर शाळेतच राहिलं, ते कायमचं. तेव्हापासून कोलकात्याच्या या जुन्या कबरस्तानात राजमिस्त्र्याच्या हाताखाली तो थडग्यांच्या भेगा चुन्याने बुजवायचा. आत्ता ही पोरगी फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकली, म्हणून त्याने तोफही मराठीतच डागली.

समोर होतं एकोणीस वर्षांच्या एका गोऱ्या बाईचं थडगं. थडगं कसलं, दगडी घरच! गॉथिक धाटणीचं. टोकदार कमान, वर सुळ्यांसारखे कळस, आत दिवसासुद्धा ओला काळोख. कमानीला हात जाईल एवढा तडा. शनिवारपर्यंत खालून लाकडी साचा बसला नाही, तर सगळं पाडायचं, असं कबरस्तानाच्या कमिटीने ठरवलेलं. आणि साचा कापला जाणार होता या पोरीच्या, चैत्रालीच्या, नकाशावरून. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, रोज सॉल्ट लेकहून यायची.

"सगळे असंच करतात," ती फणकारली. "अर्धी मोजायची, उरलेली उलटी करून काढायची. दोन्ही बाजू सारख्याच असतात."

"दीडशे वर्षांनंतर? डावा खांब दोन बोटं खचलाय! डोळे आहेत की नुसत्या लांब पापण्या?"

बोलून गेला... आणि कानापर्यंत लाल झाला.

"खांब बघत होतास की पापण्या?"

"खांब – आधी."

ती हसली नाही. पण टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

चार दिवस दोघं मोजत होते. टेप ताणली की ती ओरडायची, "हलू नकोस!" – आणि तो मुद्दाम हलायचा. शेजारच्या कबरींवर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी लावलेल्या मेणबत्त्यांचं मेण साचलेलं. इथे एक थेंब नाही. बाईच्या नावाखाली दगड गुळगुळीत करून कोरा सोडलेला.

"नवऱ्याने स्वतःच्या नावासाठी ठेवला होता," चैत्राली म्हणाली. "बायकोला पुरलं, मग विलायतेला गेला. परत येईन म्हणाला असेल..."

क्षितिज टेप गुंडाळू लागला. त्याच्या घरी, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, खोकी बांधून तयार होती. बाबांची बिलासपूरला बदली झाली होती. शनिवारी दुपारची गाडी. चार दिवस ओठांवर आलेलं तो गिळत होता.

शनिवारी साचा चढला. मिस्त्री पाचरी ठोकत होता. ठक... ठक... वरून माती सांडली. चैत्रालीने श्वास रोखला आणि नकळत त्याची बाही धरली. साचा डावीकडे, मोजला होता तसाच, दोन बोटं खाली उतरला, आणि दगडाला दगडासारखा चिकटला. कमान उभी राहिली.

"जमलं!" ती वळली. "सोमवारी वरचे कळस घेऊ. लवकर ये –"

"मी नसेन सोमवारी."

त्याने सगळं सांगितलं. तिने बाही सोडली.

"चार दिवस टेप धरून उभा होतास. तोंड नव्हतं?"

"होतं. तू बघत असलीस की चालत नव्हतं. मी परत येईन, चैत्राली."

"तोही असंच म्हणाला असेल."

त्याच्या खिशात फोन थरथरला. बाबा. तिसऱ्यांदा.

तिने नकाशा कबरीवर पसरला. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, मोजणी: चैत्राली आणि... पुढे कोरं.

"लिही."

"मी? माझं नाव? अगं, मी अकरावी नापासही नाही –"

"आत्ताच लिही, क्षितिज. कोरी जागा ठेवलेली मला चालणार नाही."

चुन्याने फुटलेल्या बोटांत पेन्सिल धड धरवेना. तरी त्याने लिहिलं. अक्षर वाकडं, डावीकडे खचलेलं. तिने त्यावर हात ठेवला, त्याच्या बोटांसकट.

फोन पुन्हा वाजला.

"चैत्राली... हात सोड. मला आता निघायला हवं."