कृष्णकमळाची जाळी

"काय गो, लोक फुलं चोरतात, तू कळ्या चोरतेस?"

अंगणात जाळं शिवत बसलेल्या तन्वीरनं हाक दिली, तशी कुंपणावरच्या कृष्णकमळाला हात घातलेली मुलगी दचकली. पावसाळ्यामुळे होड्या बंद, आभाळ महिनाभर काळंठिक्कर; तन्वीरला तेवढीच करमणूक.

"उमललेल्या फुलात मधमाशी दुसरीकडचे परागकण आणून मिसळते," ती म्हणाली. "मला भेसळ नको."

"बाप रे! आणि ते बघायचे कसे?"

"या की कॉलेजात... मायक्रोस्कोपमधून दाखवते."

एवढं बोलावल्यावर कोण थांबतो! मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तो ओरडलाच, "अगो, हे तर जाळं!" गोल कणावर खरंच जाळी होती, मोठ्या भोकांची. ती मुलगी, महरीन, खळखळून हसली. तन्वीर अडकला तो तिथंच.

मग रोजच जाणं झालं. तन्वीरच्या कुंपणावरच्या आणि रानटी वेलाचे परागकण ताडून बघायचे, हा महरीनचा प्रकल्प. तन्वीरच्या अम्मीनं लग्नासाठी खडा टाकून पाहिला. महरीनचे अब्बा म्हणाले, "हा प्रकल्प पास झाला तर पोरगी पाच वर्षं पुण्याला शिकणार. नाही झाला, तर निकाह तन्वीरशीच."

"निकाह झाला तर... रडणार नाही मी," महरीन तन्वीरला हळूच म्हणाली होती.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तन्वीरनं सहज 'रानटी वेल' अशी चिठ्ठी लावलेली काच मायक्रोस्कोपखाली धरून पाहिली. तीच मोठ्या भोकांची जाळी, त्याच्या कुंपणावरची! दुसऱ्या काचेवर बारीक. आयुष्यभर जाळी शिवणाऱ्याला भोकं ओळखायला शिकवायचं का? चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि महरीनला पत्ताच नव्हता. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तो दारापर्यंत गेला. चपलाही घातल्या. मग परतला.

"महरीन... चिठ्ठ्या उलट्या लागल्यात."

तिनं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. "बोलला नसतास तर..."

"तर तू माझी झाली असतीस. कळतं गो मला! पण मग जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघू कसा? फार आवडतेस... म्हणून बोललो."

रडत रडतच तिनं चिठ्ठ्या बदलल्या.

गणपती झाल्यावर ती पुण्याला गेली. एस.टी.त चढताना त्याच्या कुंपणावरच्या कळीच्या परागांची काच तिनं त्याच्या हातात दिली. "ठेव... माझी आठवण."

घरी मायक्रोस्कोप कुठला? तन्वीर ती काच उजेडासमोर धरून बसतो. धुळीएवढा ठिपका दिसतो, बस्स.

कुंपणावर फुलं मात्र खंडीभर येतात. कळ्या आता कुणी चोरत नाही.