‘येतो’ नाही, ‘आलो’ म्हण

टोरंटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. दिल्लीत पाच तास बसा. मग रायपूर, पावणेदोन तास. माना विमानतळावरून आमच्या ब्राह्मणपाऱ्यात यायले अजून पाऊण तास. आमचे यशवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. आमचा निरंजन येईल तेव्हा कामी पडेल म्हणून दरसाल नव्या कॅलेंडरवर हे सारं उतरवतात. पोरगा सहा वर्षं आला नाही.

माझी जाऊ सरोजिनी शेजारीच राहते, भिंतीला भिंत लागून. तिचा शिशिरही त्याच टोरंटोत. तोही येत नव्हता, तेवढंच मले समाधान.

मार्चमधली गोष्ट. सकाळी नऊला मी तिच्याकडं विरजण मागाले गेली, तर शिशिरचा फोन चालू होता. "छुट्टी नहीं मिली, माँ. इधर बर्फ गिर रही है." मी माझ्या कानानं ऐकलं. खोटं काहून बोलू, बरं वाटलं.

अकराला पाहते तर शिशिर तिच्या अंगणात चहा पिऊन राहिला होता. ऊन चटचट लागत होतं अन् त्याच्या बुटांवर बर्फ. वितळत नव्हता.

"मोठी आई, नमस्कार करतो," म्हणाला. जन्मभर हिंदीत बोललेला पोट्टा!

दोन तासांत? यशवंतरावांनी तीनदा हिशोब मांडला अन् चष्मा काढून ठेवला. मले भीती नाही वाटली. छातीत मिरची भरल्यासारखं झालं.

"काय केलं वं तू?" मी सरोजिनीले गाठलंच.

"ताई, फोन ठेवताना पोट्टे काय म्हणतात?"

"येतो म्हणतात." सारं हिंदीत बोलतील, पण तेवढा एक शब्द मराठीत. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत ना.

"हव. पण 'येतो' म्हणतात अन् येत कुठं? मी म्हटलं, 'आलो' म्हण. म्हणेपर्यंत फोन ठेवू देल्ला नाही."

"अन् परत कधी जाईल?"

"काहून जाईल?"

रविवारी निरंजनचा फोन आला.

"ठीक है आई, रखता हूँ. येतो."

"येतो नाही रे. आलो म्हण."

"क्या?"

"म्हण ना, बाबा."

तो हसला. "आलो."

कडी वाजली.

दारात निरंजन. हातात बॅग नाही. "आई, आलो."

फोन कानाशी तसाच होता. त्यातून निरंजन विचारून राहिला होता, "आई, कौन आया?"

भिंतीपल्याड सरोजिनीच्या बांगड्या वाजल्या. ऐकत होती.

मी फोन कट केला अन् मोठ्यानं ओरडली, "सरोजिनी, माझाही आला वं!"

आठ महिने झाले. फोन रोज येते. मी उठेपर्यंत निरंजनच उचलते, थोडं ऐकते, ठेवून देते.

"कोणाचा रे?"

"राँग नंबर, आई. कोणीतरी रडून राहिला होता."