मागं वळणारी स्कूटी

देवगाव फाट्याजवळच्या गतिरोधकावर शिवकन्याची स्कूटी उसळली... आणि तिच्या काळजात धस्स झालं. कुणी आलं का चाकाखाली? रस्ता तर रिकामा होता. तरी थोडं पुढं जाऊन ती वळली, परत आली, डांबरावर नजर फिरवली, गेली. आणि पुन्हा वळली. सेलूच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जाताना हे तिचं रोजचंच झालं होतं.

गतिरोधकासमोर महारुद्रची रसवंती होती. उंचापुरा, हसऱ्या डोळ्यांचा गडी. पोरगी रोज आपल्याच दारात घिरट्या घालते म्हटल्यावर त्यानं काढायचा तो अर्थ काढला. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, रसाचा ग्लास घेऊन तो सरळ आडवा आला.

"रोज वळून यायलाव... रस प्यायचा हाय, का नुसतं बघायचं हाय?"

"कुणाला?"

"आता मीच सांगू व्हय?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू आलं. घरात कुणाला न सांगितलेलं तिनं त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. "मला वाटतं, माझ्या गाडीखाली कुणीतरी आलंय. डोळ्यांनी बघितलं तरी वाटतंच..."

महारुद्र कानापर्यंत लाजला. पण हसला नाही. "मी इथंच असतो की," तो म्हणाला. "मी बघत जाईन. तुमी वळू नका."

दुसऱ्या दिवसापासून स्कूटी उसळली की तो हात वर करून ओरडायचा, "कुणी न्हाई! जावा!" तिचा जीव भांड्यात पडायचा. त्या आवाजासाठी ती सकाळची वाट बघू लागली, ओढणीचा रंग निवडू लागली. प्रेम तरी दुसरं काय असतं?

पण मन चिंती ते वैरी न चिंती. हळूहळू तेवढ्यानं भागेना. सेलूत पोचली की ती फोन करायची. "नक्की बघितलं ना? नालीत बघितलं?" तो बिचारा भर उन्हात नालीत वाकून बघायचा, सांगायचा. तासाभरानं पुन्हा फोन.

शेवटी ती परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा मंत्रचळ आहे, बाळा. कुणी हात धूत राहतं, कुणी कुलूप ओढून ओढून बघतं, कुणाच्या मनात देवासमोरच नको ते येतं. तुझी भीती रस्त्यावर उतरलीय. औषध देते. पण खात्री मागायची नाही, आणि तुझ्या माणसांनी ती द्यायची नाही. दिली की आजार वाढतो."

शिवकन्या सुन्न झाली. "कुणी न्हाई" या दोन शब्दांपलीकडे तिच्यात आणि महारुद्रमध्ये होतं तरी काय? तेच थांबले तर तो कोण आणि ती कोण?

तरी तिनं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं त्याला सांगितलं. महारुद्रनं चालता चरक थांबवला.

"आन् तुमी रडून विचारलं तर?"

"तरी सांगू नका."

"लय अवघड काम दिलं..."

दुसऱ्या सकाळी चाक उसळलं. ती थांबली. "कुणी... कुणी आलं का?"

महारुद्र हातात ऊस धरून उभा होता. त्याचे ओठ हलले, मिटले. डोळे भरून आले.

"सांगणार न्हाई," तो म्हणाला. "जावा."

तिला त्याचा राग आला. मग ते भरलेले डोळे दिसले, आणि हा माणूस आपलाच आहे हे तिला कळून चुकलं. सेलूपर्यंत भीती मागच्या सीटवर बसून होती, पण ती वळली नाही. दिवस कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक.

पुढं कधी ती जिंकली, कधी हरली. हरलेल्या दिवशीही तो गप्पच राहायचा, नुसता उभा असायचा.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हाची गोष्ट. स्कूटी उसळली, पुढं गेली... आणि वळली. महारुद्रचा चेहरा उतरला.

"पुन्हा?"

"भीती हाय अजून," ती म्हणाली. "पण आज रस्ता बघायला न्हाई वळले."

"मग... कुणाला?"

शिवकन्यानं स्कूटी बंद केली.

"आता मीच सांगू व्हय?"