ठोका बंद

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कमळाकरचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नसे. मोटार वाइंडिंगची दुकानं संपली, की एक पन्नाशीचा माणूस गाडीच्या बॉनेटमध्ये वाकून, कानाला लोखंडी सळई लावून उभा दिसायचा. सळईचं एक टोक इंजिनावर, लाकडी मुठीचं दुसरं टोक कानावर. इतर मेकॅनिक इंजिन उघडून दुखणं शोधत. कमळाकर ते ऐकून सांगे, आणि दहातून नऊ वेळा बरोबर सांगे. दहाव्या वेळी तो गाडीलाच दोष देई.

त्याच्या गॅरेजात एक चमत्कारिक नियम होता. चेनपुलीवर इंजिन वर घेताना किंवा खाली ठेवताना ‘ओढ’ आणि ‘सोड’ हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. वर घ्यायचं तर ‘घे’, खाली ठेवायचं तर ‘दे’. कामाला येणारे लोक आपसांत हसत आणि मालकाची लहर म्हणून निमूट पाळत. कमळाकर कारण सांगत नसे.

कारण अंबरनाथचं होतं, आणि अकरा वर्षांपूर्वीचं.

त्र्याऐंशी साली कमळाकर आणि आनंदा एकाच रसायनाच्या कारखान्यात कामाला होते. बुवापाड्यात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. एके दिवशी टोल्युईनची टाकी साफ करायचं काम निघालं. टोल्युईन म्हणजे रंगात आणि थिनरमध्ये पडतं ते पाण्यासारखं पातळ, गोडसर वासाचं रसायन. आनंदा कमरेला दोर बांधून टाकीच्या माथ्यावरच्या गोल झाकणातून आत उतरला. दोराचं दुसरं टोक वर कमळाकरच्या हातात होतं. आतून ‘सोड’ म्हटलं की दोर सैल करायचा, ‘ओढ’ म्हटलं की वर खेचायचा, एवढंच ठरलेलं.

टाकीत आवाज घुमतो. त्यात आनंदाच्या तोंडावर ओला रुमाल. आतून हाक आली ती कमळाकरला ‘सोड’ अशी ऐकू आली. त्याने हातभर दोर सोडला. पुन्हा हाक आली, पुन्हा सोडला. मग पान्याचे ठोके आले. तीन, मग थांबून तीन. त्याला वाटलं, आनंदा तळाचा गाळ ठोकून काढतोय. थोड्या वेळाने ठोके बंद झाले. काम आटोपलं असं समजून कमळाकर दोर कठड्याला गुंडाळून दोघांसाठी चहा आणायला गेला. परत आला तेव्हा आनंदा टाकीच्या तळाशी मरून पडला होता.

चौकशीत त्याने सांगितलं, आतून काहीच आवाज आला नाही. आनंदाची बायको अंजनी हिने दारात उभं राहून विचारलं, “भावजी, त्यांनी हाक नाय मारली?” तेव्हाही त्याने नकारार्थी मान हलवली. महिन्याभरात त्याने नोकरीला रामराम ठोकला आणि उल्हासनगरात गॅरेज टाकलं. ज्या कानांनी घात केला, त्यांच्यावरच त्याने पुढचं पोट भरलं.

आनंदाचा मुलगा भगवंत आता सव्वीस वर्षांचा झाला होता. अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. कमळाकरला मूलबाळ नव्हतं. त्याचा सगळा जीव भगवंतात होता. त्यात माया किती आणि अपराधाची टोचणी किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

भगवंताला वेगाचं वेड होतं. अपघातात चेपलेली एक पांढरी कॉन्टेसा त्याने मिळवली आणि भंगारातून आलेलं एक जपानी टर्बो इंजिन कमळाकरकाकाच्या मदतीने तिच्यात बसवलं. दोन वर्षं दोघांचे रविवार त्यातच गेले. गाडी रस्त्यावर रोज चालवायची आणि जानेवारीत तीच मद्रासकडे धावपट्टीवरच्या शर्यतीत उतरवायची, असा बेत होता.

अडलं होतं ते एका गोष्टीपाशी. गाडीला पाजायचं काय?

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. जेवढा दाब जास्त, तेवढी ताकद जास्त, आणि तेवढीच उष्णताही. पंपावरचं साधं पेट्रोल ती उष्णता सोसत नाही. ठिणगी पडायच्या आधीच भडकतं आणि पिस्टनवर घणासारखं आदळतं. त्याला मेकॅनिक ठोका म्हणतात. ठोका आला की पिस्टनला भोक पडतं, आणि भर वेगात इंजिन जाम झालं तर गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. उपाय दोनच. पंपाचं पेट्रोल घालून दाब कमी ठेवायचा, किंवा शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसलं जोरकस इंधन आणायचं. ते इकडे मिळणार कुठून? मग जाणते लोक पेट्रोलमध्ये टोल्युईन मिसळत.

डिसेंबरातल्या एका सकाळी कमळाकरने पंपाचं पेट्रोल घालून इंजिन चालू केलं. भगवंत आत बसून अॅक्सिलरेटर दाबत होता. कमळाकरने सळई टेकवली.

ठोके होते. तेवढं त्याला अपेक्षितच होतं. पण तीन ठोके आले, मग थांबले. पुन्हा तीन.

“वाढव,” तो म्हणाला.

इंजिनाचा वेग वाढला. वेग वाढला की ठोक्यांनीही पळायला हवं, हे शाळकरी पोरगंही सांगेल. ठोके पळाले नाहीत. इंजिन दुप्पट वेगाने फिरत होतं आणि ठोके आपल्याच चालीने येत होते. तीन, मग तीन.

त्याने इंजिन बंद करायला लावलं. प्लग काढले, हेड उघडलं, चारही पिस्टन भिंगाखाली पाहिले. एकावरही ओरखडा नव्हता. बेअरिंग, पंप, फ्लायव्हील सगळं तपासण्यात चार दिवस घालवले. कमळाकर भुताखेतांना मानणारा माणूस नव्हता. अमावस्येलाही तो गॅरेजवर लिंबूमिरची बांधत नसे. त्याने इंजिन पुन्हा जोडलं, दाब निम्म्यावर आणला आणि सळई लावली.

ठोके आता दुरून आल्यासारखे हळू येत होते, पण येत होते. आणि त्यांच्या मागे, सळईतून, एक शब्द आला. शेवटचं अक्षर तेवढं कानाला लागलं, ‘ड’ की ‘ढ’ ते कळलं नाही. त्याच्या आधी काय होतं ते घुमण्यात विरून गेलं.

कमळाकरने सळई खाली टाकली.

“काय झालं काका?”

“तुला काय ऐकू आलं?”

“थोडी खडखड येतेय. पंपाच्या पेट्रोलला येणारच ना.” भगवंत खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता. “तू असा घामाघूम काय झालास? बीपीची गोळी घेतलीस का?”

दुसऱ्या दिवशी भगवंत स्वतःच गोप सेठला घेऊन आला. गोप सेठचं कॅम्प दोनमध्येच थिनरचं दुकान होतं. सोबत हातगाडीवर निळा ड्रम.

“कमळाकर साईं, पंप का पेट्रोल छोडो,” तो म्हणाला. “असली टोल्युईन है, अंबरनाथ का. तीन हिस्सा पेट्रोल, एक हिस्सा ये. गाडी मख्खन चलेगी. नाय चालली तर ड्रम परत घेऊन जातो, बस्स?”

ड्रमचं बूच उघडलं आणि तो गोडसर वास गॅरेजभर पसरला. कमळाकर बाहेर जाऊन उभा राहिला. भगवंताने मापाने मिश्रण केलं, टाकीत ओतलं आणि दाब पूर्ण चढवून इंजिन चालू केलं.

कमळाकर आत आला. त्याने सळई उचलून इंजिनावर टेकवली.

काही नाही. ठोका नाही, शब्द नाही. इतकं स्वच्छ चालणारं इंजिन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. भगवंत खुशीत स्टिअरिंगवर हात आपटत होता, गोप सेठ “देखा?” म्हणत होता, आणि कमळाकर सळई कानाशी तशीच धरून उभा होता. ठोके बंद झाल्यावर काय होतं, हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

“भगवंता, ऐक माझं,” गोप सेठ गेल्यावर तो म्हणाला. “हे काढून टाक. पंपाचं पेट्रोल घाल. दाब कमी ठेवू.”

“ज्याच्यावर ठोका येतो तेच घालू? आणि ज्याच्यावर येत नाय ते काढू?” भगवंत हसला. “डोकं फिरलं काय काका? तूच शिकवलंस ना, ठोका म्हणजे इंजिनाचं मरण?”

“शिकवलं.”

“मग?”

आता बोलायला हवं होतं. तुझ्या बापाने मला हाक मारली होती, ती मी चुकीची ऐकली, तो ठोकत होता तेव्हा मी उभा होतो, आणि ठोके थांबले तेव्हा मी चहा आणायला गेलो. एवढं सांगितलं असतं तर भगवंताने कदाचित गाडीच ठेवून दिली असती. पण मग तो पुन्हा कधी ‘काका’ म्हणाला नसता. कमळाकरच्या जिभेवर शब्द आले आणि तिथेच राहिले. त्याला स्वतःची किळस आली.

“रविवारी बघू,” तो एवढंच म्हणाला.

शनिवारी दुपारी अंजनी गॅरेजवर आली. तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकापाशी नारळ फोडला. मग पदराला हात पुसत म्हणाली, “भावजी, मला गाडीतलं काय कळत नाय. पण तुम्ही कान लावलाय ना? तुमचा कान म्हणजे माझा भरोसा हाय.”

“लावलाय, वहिनी.”

“काय आवाज नाय ना?”

“नाही,” कमळाकर म्हणाला. “काहीच आवाज नाही.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की चौकशीत त्याने हेच शब्द वापरले होते.

रविवारी सकाळी साडेसातला ते बदलापूरच्या पुढे सोनिवलीच्या रस्त्याला गेले. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, रस्ता मैलभर सरळ, वर्दळ नाही. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन बाया तेवढ्या डोंगराकडून उतरत होत्या. भगवंत गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. कमळाकर या टोकाला, एका मैलाच्या दगडापाशी, घड्याळ हातात धरून उभा राहिला.

गाडी निघाली. लांबून पांढरा ठिपका वाढत आला. इंजिनाचा सूर चढत गेला आणि त्यात एकही खोट नव्हती. कमळाकरने घड्याळाकडे पाहिलं. चुकलो होतो, असं त्याला वाटलं, आणि चुकल्याचा इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

गाडी त्याच्यासमोरून वाऱ्यासारखी गेली.

पुढे जाऊन ती हळू झाली. रस्त्याच्या कडेला नीट, सरळ उभी राहिली. त्याच्यापासून दीडशे पावलं असेल. इंजिन चालूच होतं.

मागच्या काचेतून भगवंताची पाठ दिसत होती. त्याचा हात वर उठला आणि गाडीच्या टपाला लागला. पुन्हा उठला. पुन्हा. पोरं आनंदाच्या भरात टप बडवतात तसा.

कमळाकरला हसू आलं. त्यानेही हात वर केला, जोरात हलवला.

तो हात तीनदा वर जायचा. मग थांबायचा. मग तीनदा.

आवाज काही येत नव्हता.

कमळाकरचा हात हवेतच राहिला. मग तो धावत सुटला. पन्नाशीचं शरीर, पायात चपला. एक चप्पल वाटेत गेली. मोळीवाल्या बाया थांबून बघत होत्या. अर्ध्या वाटेत असताना त्याने पाहिलं, की हात आता वर जात नाही.

इंजिन अजून चालू होतं. एकसुरी, स्वच्छ.

त्याने दार ओढलं. दार लगेच उघडलं.

भगवंत मान मागे टाकून वर बघत होता. डोळे उघडे होते. उजव्या हाताच्या बोटांची सालटं सोलून निघाली होती. गाडीत गोडसर वास होता. कमळाकरने त्याला बाहेर ओढलं, रस्त्यावर आडवं केलं, छाती दाबली, त्याच्या नावाने हाका मारल्या. मोळीवाली एक बाई जवळ येऊन उभी राहिली. तिने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

बदलापूरहून पोलीस यायला तास लागला. हवालदार शहाणा माणूस होता. त्याने टाकीचं बूच काढून वास घेतला, मग गाडीत डोकं घालून वास घेतला, आणि रसायनाची वाफ बंद गाडीत कोंडून गुदमरल्याने मृत्यू, असं पंचनाम्यात लिहायला घेतलं. कमळाकर गाडीला टेकून उभा होता. आधारासाठी त्याने टपावर हात ठेवला. तळव्याखाली पत्रा सपाट लागला नाही. आतून ठोकून बाहेर आलेले उंचवटे होते, आणि ते सगळे एका गोलात होते, आनंदा उतरला होता त्या टाकीच्या झाकणाएवढ्या.

“तुम्ही इथेच होता ना?” हवालदाराने विचारलं. “त्याने हाक मारली का? काही ओरडला?”

“काहीच आवाज आला नाही,” कमळाकर म्हणाला.

या वेळी ते खरं होतं.

हवालदाराने ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. कमळाकरने सही केली. मग हवालदार अजून चालूच असलेली गाडी बंद करायला वाकला, आणि किल्ली फिरवताना त्याच्या लक्षात आलं. तो थांबला. त्याने एकदा लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं आणि एकदा ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराकडे.

काच पूर्ण खाली होती. सकाळी निघाल्यापासून खालीच होती.