तिसऱ्या मजल्याची पाळी

बुरुलच्या पोराच्या पायांतला काळा-पांढरा दोरा रिवाजाप्रमाणे कापला आणि पोर पहिल्यांदा सुटं चाललं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या सप्टेंबरात पोराचा आजोबा, बुरुलचा बाप मुकाम्बेत किर्गिझस्तानात आमच्या नारिन गावातल्या पाच मजली इमारतीचे पाइप तपासत होता.

मुकाम्बेत इमारतीचा प्लंबर. लोक त्याला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणत. थंडीआधी दरवर्षी त्याचं तेच काम. हीटिंगचे पाइप एप्रिलपासून रिकामे असत. सांध्यांवरचा जुना ताग खरवडायचा, नवा गुंडाळायचा, झिजलेल्या रबरी चकत्या बदलायच्या. मग तळघरातल्या हातपंपाने गार पाणी दाबून भरायचं. एक उभा पाइप पाच घरांतून जाई. प्रत्येक घरात कोणीतरी रेडिएटरपाशी चमचा घेऊन बसे. कोरडं असेल तर दोन ठोके. गळत असेल तर पंप थांबेपर्यंत ठोकत राहायचं. पाचव्या मजल्यापासून खाली, क्रमाने.

दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होते. जो पाइप दाब सोसणार नाही, तो हिवाळाभर बंद. तेव्हा बाहेर उणे तीस, आणि बुरुलचं पोर दुसऱ्या मजल्यावर, त्याच पाइपवर.

अडलं होतं तिसऱ्या मजल्यावर. तिथे दोलोत एकटा राही. त्याची बायको पेरिझात फेब्रुवारीत गेली. दोलोत तेव्हा डोंगरात मेंढ्यांकडे होता. पंधरा तारखेला परतला, तेव्हा ती जमिनीवर पडलेली. पाय घसरला, असं डॉक्टरने लिहिलं. दोलोतचा तिच्यावर हात चालतो हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. कोणी काही बोललं नाही.

जिन्यात चौथ्या मजल्यावरची बातमा एजे, म्हणजे बातमाताई, भेटली.

"उस्ता, त्या रेड्याकडे निघालास? तीन दिवस झाले, आत कुऱ्हाड चालतेय."

"पाण्याला मधला मजला गाळून जाता येत नाही, एजे."

"मग हाडं मोजून ठेव. परत येताना कमी भरली तर मला सांग."

दोलोतने दार उघडलं तेव्हा कुऱ्हाड हातातच होती. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"कापून टाक तो पाइप."

"कापला तर खालची दोन घरं गारठून मरतील. माझा नातू आहे खाली."

"तुझ्या नातवाला घाल चुलीत!" त्याने मुकाम्बेतची मान धरून त्याला भिंतीवर आपटलं. म्हाताऱ्याचा ओठ फुटला. "कोण ठोकतंय ते सांग आधी. उन्हाळाभर ठोकतंय. पाइपात थेंब नाही, तरी ठोकतंय!"

मुकाम्बेतने रक्त पुसलं आणि रेडिएटरपाशी बसला. वरच्या अंगाला कुऱ्हाडीचे घाव होते. पण बिडाचं रेडिएटर घट्ट होतं, सांधे कोरडे. त्याने चकती बदलली. मग त्याला खालच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाचे टवके उडालेले दिसले. बारीक, एकाच जागी, शेकड्यांनी. आडव्या पडलेल्या माणसाचा हात जिथवर पोचेल, तिथे. अंगठीने ठोकल्यासारखे.

त्याने त्यांवरून बोट फिरवलं.

चौदा फेब्रुवारी. बुरुलचा वाढदिवस. पोराला दात येत होते, ते संध्याकाळभर रडत होतं. तेवढ्यात पाइपवर ठोके सुरू झाले, थांबेचनात. कोणाचं पोर रडलं की शेजारी पाइप वाजवतात, ही आमच्याकडची रीत. बुरुल रडवेली झाली. मुकाम्बेतने मोठा पाना उचलून पाइपवर दणका दिला आणि ओरडला, "तुमची पोरं काय हसत जन्माला आली?" वरचे ठोके लगेच थांबले. सगळ्यांनी केक खाल्ला.

"काय बघतोस?" दोलोतने विचारलं.

"काही नाही. मी पाणी सोडतो. चमचा घेऊन बस."

"दार उघडं ठेवून जा," दोलोत म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

तळघरात मुकाम्बेतने पंप मारायला घेतला. दाबाचा काटा चढू लागला. पाचव्यावरून दोन ठोके. चौथ्यावरून दोन, बातमा एजेचे, नेहमीसारखे तोऱ्यात.

मग तिसऱ्याची पाळी.

ठोके आले. दोन नाही. बारीक, घाईचे, थांबेनात.

गळतंय. त्याने पंपाचा दांडा सोडला.

काटा चढतच राहिला.

त्याने व्हॉल्व आवळला. काटा चढत होता. त्याने दुसरा हात पाइपवर टेकला आणि झटकन मागे घेतला. तळवा भाजला होता. बॉयलरघर अजून महिनाभर पेटायचं नव्हतं.

वरून किंकाळी आली. कापताना जनावर ओरडतं तशी. पुन्हा. मग कुऱ्हाड लोखंडावर आदळल्याचा आवाज, एकदाच.

मुकाम्बेत जिना चढला. बातमा एजे दारात उभी होती, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात.

दोलोत रेडिएटरपाशी पडला होता. उजवा हात, मान आणि चेहरा उकडून निघाले होते. कातडी सुटली होती. अजून वाफ निघत होती.

जमीन कोरडी होती.

रेडिएटर गार होतं. कुठे तडा नव्हता.

ठोके थांबले होते.

दोघं तशीच उभी असताना, त्याच रेडिएटरवर, खालच्या कडेला, सावकाश दोन ठोके पडले.

मग दुसऱ्या मजल्यावरून बुरुलने दोन ठोके दिले. मग पहिल्याने.

दुसऱ्या दिवशी पाइप पास झाला. पोराने तो हिवाळा उबेत काढला.

दोलोत मेला सतरा सप्टेंबरला, मंगळवारी, दुपारी. पेरिझात मेली बारा फेब्रुवारीला. डॉक्टरच्या कागदावर बारा आहे. मुकाम्बेतने तो तीन वेळा वाचून घेतला. ते ठोके चौदाचे होते.