तिसऱ्या तासाचा वास

नको हो, गाडीवर नका सोडू. चालत जाते मी. रागावू नका, कारण सांगते. बसा जरा.

अत्तराच्या कारखान्यात माझं काम वास घेण्याचं. सगळे मला ‘नाकबाई’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. नवीन अत्तर आलं की मनगटाला लावायचं, दर तासाला हुंगायचं आणि कार्डावर लिहायचं. दोन नियम कडक. अत्तर दोघांच्या अंगावर लावून बघायचं, कारण प्रत्येकाच्या कातडीवर वास वेगळा उतरतो. आणि बनवणाऱ्याचं कार्ड आपलं लिहून होईपर्यंत वाचायचं नाही, नाहीतर नाक त्याचंच ऐकतं.

आमचे मिश्रणवाले काका गोदामातल्या आगीत गेले. वायर पेटली होती म्हणे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या खणात एक बाटली सापडली, भोवती घडी घातलेलं कार्ड. साहेब म्हणाले, "नाकबाई, काकांचं शेवटचं काम आहे. नीट बघा." माझी जोडीदारीण रजेवर होती. मी बाटली घरी आणली आणि दुपारी एक थेंब मला लावला, एक लेकीला.

"मी काय उंदीर आहे का तुझा?" लेक म्हणाली.

"उंदरानं एवढी कटकट केली नसती."

पहिल्या तासाला लिंबाची साल, नखानं नुकती खरवडलेली. दुसऱ्या तासाला लिंबू उडालं, ते उडतंच. मागे पुदिना आणि गवती चहा राहिला. वा काका, म्हटलं, आणि डोळ्यांत पाणीच आलं. लेकीचंही तेच.

तिसऱ्या तासाला मनगट नाकाशी नेलं. स्पिरिट. कापूस. कडक धुतलेली चादर... अत्तरात कुणी घालतं का असलं? बाटली उघडून हुंगली, तर आत नुसता लिंबू-पुदिना. वाटलं, माझं नाक गेलं. तरी आलं तसं लिहिलं, आणि मग काकांचं कार्ड उघडलं.

तिसरा तास: ‘जळकी वायर.’ खाली तारीख होती, आगीच्या आदल्या दिवसाची.

बाहेरच्या खोलीत लेक हेल्मेट शोधत होती, मैत्रिणीकडे निघाली होती.

"तुला... आता कसला वास येतोय गं?"

तिनं हुंगलं. "शी! पेट्रोल. आणि ओलं गवत... रस्त्याकडेला असतं तसं. आई? अशी काय बघतेस?"

गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती. मी तिचा हात धरला. ती ओरडली, "वेड लागलंय का तुला!" मी सोडला नाही. मनगटावर मनगट घासलं जात होतं, कातडी लाल झाली, पण किल्ली काढून घेतली. रात्री ती न जेवताच झोपली. जिवंत होती, मला तेवढं पुरे होतं.

सकाळी तीच बोलली. "आई, धुतलं तरी वास जात नाही बघ. पण बदललाय. बरा आहे आता, धुतलेल्या चादरीसारखा."

मी माझं मनगट हुंगलं. पेट्रोल. ओलं गवत.

म्हणून गाडी नको म्हणते. खरं सांगू? मला आनंदच झाला होता. लेकीचं माझ्यावर आलं, आईला आणखी काय हवं? वाटलं, म्हातारी होऊन स्वच्छ अंथरुणात जाईल माझी पोर, शांतपणे.

पण काल तिला बारीक ताप आला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, एक दिवस दवाखान्यात ठेवू. तिकडेच निघालेय मी. चादर कधीची, ते काही वासात कळत नाही हो. आणि परत मनगट घासावं, तर तिच्याकडे काय जाईल?

मघाशी तिचा फोन आला होता. हसत होती. म्हणाली, "आई, गंमत सांगू? आत्ताच नर्सनं चादर बदलली... ओळखीची वाटतेय."